आईकडून

"हा आजार आईकडून येतो."

हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा बालरोग ओपीडीच्या त्या खोलीत सात माणसं होती. नेमकी सात, कारण नंतर कितीतरी रात्री मी ती खोली डोळ्यांसमोर आणून मोजली आहे. टेबलाशी मी. शेजारी केसपेपर लावणाऱ्या सिस्टर. उघड्या दारात पुढचा नंबर असलेली बाई आणि तिच्या कडेवरचं तापलेलं मूल. आणि समोर ते कुटुंब: आठ वर्षांचा मुलगा, त्याची आई, त्याची आजी. आजी म्हणजे त्या आईची सासू. वडील खाली औषधांच्या खिडकीसमोर रांगेत उभे होते.

मी तेव्हा इंटर्न होते, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात. सरांनी जनुकतपासणीचा रिपोर्ट माझ्या हातात दिला, "समजावून सांग" म्हणाले आणि वॉर्डातून बोलावणं आलं म्हणून गेले. मला जरा अभिमानच वाटला. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा विषय मला पाठ होता. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन तयार होत नाही, त्यामुळे स्नायूंचे तंतू हळूहळू तुटत जातात. हा आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो, साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. चालणं बहुधा दहा-बाराव्या वर्षापर्यंत थांबतं, पुढे श्वासाचे आणि हृदयाचे स्नायू थकतात. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलाला एक्स मिळतं ते आईकडून. परीक्षेत मी हे लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. तेच मी सोपं करून मराठीत सांगितलं.

आईने काही विचारलं नाही. तिने रिपोर्टची घडी घातली, कापडाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी होती तिच्यात ठेवली आणि पिशवीचं तोंड बांधलं. आजी सुनेकडे बघून एकच शब्द बोलली, "ऐकलंस?"

मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

*

त्यानंतर साधारण अडीच आठवड्यांनी माझी वॉर्डात ड्यूटी असताना तो मुलगा रात्री भरती झाला. उलट्या होत होत्या, अंग गळून गेलं होतं, रक्तदाब खाली आला होता. सोबत फक्त वडील होते. टेम्पो चालवणारा माणूस, आटपाडीच्या बाजूचा. निदान बऱ्यापैकी पक्कं झाल्यामुळे रिपोर्ट यायच्या आधीपासूनच, जवळजवळ तीन महिने, मुलाला रोज स्टिरॉइड चालू होतं. या आजारात स्टिरॉइड रोग बरा करत नाही, पण चालणं काही वर्षं टिकवतं. मात्र ते एकाएकी बंद करायचं नसतं. बाहेरून रोज मिळतंय म्हटल्यावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं स्टिरॉइड करणं कमी करतात. बाहेरचं अचानक थांबलं की शरीराकडे काहीच उरत नाही. सलाईन लावलं, शिरेतून स्टिरॉइड दिलं, पहाटेपर्यंत पोरगं सावरलं.

सकाळी समाजसेवा अधीक्षक वॉर्डात आल्या. त्यांना सगळं रुग्णालय ताई म्हणतं. त्या वडिलांच्या शेजारी बाकड्यावर बसल्या.

"गोळ्या कोण देतं त्याला?"

"तीच द्यायची."

"ती कुठाय?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हायेरी."

"कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिथे फक्त थकवा होता. "हितनं गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले.

तोपर्यंत मी मनातल्या मनात "कम्प्लायन्स नाही" असं लिहून टाकलेलं होतं. आमच्याकडे हा शब्द फार पटकन लिहिला जातो. गोळ्या बंद झाल्या म्हणजे घरच्यांचा निष्काळजीपणा. प्रत्यक्षात गोळी आणि मूल यांच्यामध्ये एक माणूस असतं. ते माणूस मी माझ्या एका वाक्याने घरातून बाहेर काढलं होतं.

ताई मला रागावल्या नाहीत. त्यांनी एक कोरा केसपेपर पुढे केला. "यावर त्याचा दिवस लिहून आण. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत. आजाराबद्दल एक ओळ लिहू नकोस."

मी वडिलांजवळ बसले. सकाळी किती वाजता उठतो? सहा-साडेसहा. उठवतं कोण? ती. अंथरुणातून उभा कसा राहतो? तिचा हात धरून. संडासला? ती नेते. शाळा किती लांब? दीड किलोमीटर. जातो कसा? ती सोडते, पुलापर्यंत कडेवर, पुढं चालत. शाळेत लघवीला? माहीत नाही. दुपारी कोण आणतं? तीच. रात्री पाय दुखतात का? तिला माहीत.

पान भरलं तेव्हा त्यावर निम्म्या ओळींत "आई" होतं आणि उरलेल्या ओळी रिकाम्या होत्या. वडील त्या कागदाकडे बघत राहिले. ते वाईट बाप नव्हते, हे मला लिहायलाच हवं. रात्री दोनला भाजीचा माल भरून निघणारा माणूस सकाळी साडेसहाला घरात नसतो. शिवाय ज्या रिपोर्टवर मी मोठं भाषण दिलं, त्यातले आकडे त्या माणसाला तोंडपाठ होते. "पंचेचाळीस ते पन्नास न्हाईत त्याच्यात," ते मला म्हणाले. एक्झॉन हा शब्द त्यांच्या तोंडी बसत नव्हता, पण जनुकाच्या एकोणऐंशी तुकड्यांपैकी कुठले सहा गळालेत हे त्यांनी धरून ठेवलं होतं.

त्यांनी वॉर्डातूनच बायकोला फोन लावला. संध्याकाळच्या एसटीने ती आली.

*

मी चूक केली ती केवळ वागण्यातली असती तरी पुरे होती. पण ते वाक्य शास्त्र म्हणूनही कच्चं होतं, आणि हे मला त्या रात्री पुस्तक उघडून बसल्यावर कळलं. डिस्ट्रॉफिनचं जनुक हे माणसाच्या ज्ञात जनुकांतल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, वीस लाखांहून जास्त अक्षरांचं. एवढा लांब मजकूर पिढीमागून पिढी उतरवून घेताना कुठेतरी नवी चूक होण्याची शक्यताही मोठी. त्यामुळे साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये हा दोष त्यांच्यापाशीच नव्याने उद्भवलेला असतो, आईच्या रक्तात तो सापडत नाही. या आईची तपासणी तर झालेलीच नव्हती. म्हणजे मला ठाऊक नसलेली गोष्ट मी ठाऊक असल्यासारखी सांगितली होती, आणि तीही तिच्या सासूसमोर, उघड्या दारात.

आमची २०१९ची बॅच. वैद्यकीय अभ्यासक्रम बदलला त्याची पहिली. पेशंटशी बोलायचं कसं, नीती काय, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून रीतसर शिकवलं गेलं. वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या आम्ही नाटक करून गिरवल्या होत्या. त्यातली पहिलीच पायरी जागेची: दार लावा, बसा, जवळ कोण असावं हे विचारा. नाटकात मी ते सगळं केलं होतं. ओपीडीत दीडशे पेशंट बाहेर उभे असताना ती पायरी मी गाळली, कारण मला ती आजाराचा भाग वाटलीच नाही. ती मला शिष्टाचार वाटली.

समग्र शुश्रूषेचा इतिहास वाचायला घेतला की दोन नावं हमखास भेटतात. अमेरिकेतले जॉर्ज एंजेल यांनी १९७७ साली मांडलं की रोग समजायचा तर शरीर, मन आणि समाज तिन्ही एकत्र पाहावे लागतात. त्यांच्याआधी लंडनच्या सिसिली सॉन्डर्स. त्या आधी नर्स झाल्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर, आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची शुश्रूषा करणारं रुग्णालय, सुरू केलं. वेदना ही शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची अशी एकाच वेळी असते, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांच्या विचारापेक्षाही त्यांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर व्हायच्या आधी त्या पेशंटची चादर बदलत होत्या आणि घरच्यांशी बोलत होत्या. आम्ही त्या सगळ्याच्या पलीकडून, थेट रिपोर्ट हातात घेऊन आत शिरतो.

*

आई आली आणि कोऱ्या ओळी भरायला लागल्या.

संडास घरापासून साठेक पावलांवर, गोठ्याच्या मागे. दोन उंच पायऱ्या आणि खाली बसायचं भांडं. हा बसू शकतो, पण उठू शकत नाही. आई सोबत असेल तरच जातो. शाळेत आई नसते. म्हणून शाळेच्या दिवशी तो सकाळपासून पाणीच पीत नाही.

मी मागचे केसपेपर काढले. तीन भेटींमध्ये बद्धकोष्ठतेचं सिरप लिहिलेलं होतं. त्यातला एक कागद माझ्याच अक्षरातला. पाणी का पीत नाहीस, असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

आई त्याला उचलताना काखेत हात घालून उचलायची. फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला थांबवलं. या मुलांच्या खांद्याचे स्नायू ढिले असतात, काखेतून उचललं की मूल हातातून निसटतं. मग कमरेभोवती ओढणी बांधून कसं उचलायचं, टाचेची शीर आखडू नये म्हणून पाय कसा ताणायचा, हे त्यांनी दाखवलं. दाखवून झाल्यावर मॅडमनी आईलाच विचारलं, "तुमची कंबर कशीये?" या प्रश्नावर ती बाई रडली. नवऱ्याने, सासूने, माझ्यासकट एकाही डॉक्टरने इतक्या महिन्यांत तिला तिच्या शरीराबद्दल काही विचारलंच नव्हतं. रोज पंचवीस किलोचं पोर कडेवर घेऊन ती पूल गाठत होती. स्टिरॉइडने त्याचं वजन वाढत होतं आणि त्याला शाळेतून आणायचं म्हणून ती खुरपणीतून दुपारी निघत होती, अर्ध्या रोजावर.

मुलगा दोन दिवसांनी खुलला. वळणावरून येणारी गाडी आवाजावरून ओळखायचा त्याला नाद होता. वॉर्डाच्या खिडकीखाली अँब्युलन्स आली की ती १०८ची की खाजगी हे तो सायरन नसतानाही सांगायचा.

फिजिओथेरपीत त्याची चाचणी घेतली. जमिनीवरून उठून उभं राहायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजायचं. तो कसा उठतो हे मी आधी पाहिलं होतं: चार पायांवर येतो, ढुंगण वर करतो, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढत गेल्यासारखा सरळ होतो. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ साली हे बारकाईने लिहून ठेवलं, म्हणून त्याला गॉवर्सची खूण म्हणतात. आम्ही ती बघायला विद्यार्थ्यांना गोळा करतो. मॅडमनी घड्याळ दाबलं. तो उभा राहिला, धापा टाकत हसला आणि म्हणाला, "हितं पण मोजतात व्हय?"

शाळेत गुरुजी वर्गात आले की सगळे उभे राहतात. हा शेवटी उठतो. तोवर बाकीची पोरं एक, दोन, तीन करत मोजतात. त्या दिवशी आमच्याकडे अकरा सेकंद लागले. "शाळेत चौदा," तो म्हणाला. "हितली फरशी चांगलीये."

मॅडमनी फाइलमध्ये अकरा लिहिलं. ताईंनी गुरुजींना फोन केला. गुरुजी भला माणूस निघाला. मूल आळशी आहे, लिहायचा कंटाळा करतं, अशी त्याची समजूत होती. डिस्ट्रॉफिन मेंदूतही काम करतं आणि यातल्या काही मुलांना वाचायला-लिहायला, लक्ष द्यायला जड जातं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याने वर्गाचा नियम बदलला. गुरुजी आले की आता सगळा वर्ग बसूनच नमस्ते म्हणतो.

*

पैशाचं थोडक्यात लिहिते. वडिलांनी मोबाइलवर सोळा कोटींच्या इंजेक्शनची बातमी पाहिली होती आणि टेम्पो विकायचं मनात चाललं होतं. ते इंजेक्शन वेगळ्या आजाराचं, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीचं. हे त्यांना समजायला तासभर लागला, आणि तो तास ताईंनी दिला. केंद्राचं दुर्मीळ आजारांसाठीचं धोरण २०२१ साली आलं, पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा पन्नास लाखांपर्यंत वाढली, मुंबईचं केईएम त्यातलं एक उत्कृष्टता केंद्र. ड्युशेनचं नाव त्या यादीत तिसऱ्या गटात आहे, जिथे खर्च अफाट आणि औषधांचा पुरावा अजून अपुरा. आयुष्यभर चालणाऱ्या उपचाराला एकदाच मिळणारी मर्यादित रक्कम कशी पुरणार, हा राग माझ्या मनात आहे आणि तो राहील. या घराला ताबडतोब उपयोगी पडला तो २०१६चा दिव्यांग कायदा. त्यातल्या एकवीस प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. प्रमाणपत्र निघालं, कार्ड निघालं, मुलाचा आणि सोबत्याचा एसटीचा खर्च कमी झाला. वडिलांनी पुढच्या भेटीत मोबाइलवर फोटो दाखवला: प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक, खाली बादली, भोवती जुन्या साडीचा आडोसा. घराच्या मागच्या दाराशीच. तशीच एक खुर्ची त्यांनी शाळेतही नेऊन ठेवली होती. पोरगं पाणी प्यायला लागलं. सिरप बंद झालं.

दुर्मीळ हा शब्द मराठीत आपण जुन्या नाण्यांना लावतो, पोथ्यांना लावतो. त्या घरी तो शब्द गेला तेव्हा शेजारपाजारी कुणाकडेच असं मूल नव्हतं. शेजारणीकडे कुणाचा तरी मधुमेह असतो, मावशीचं अँजिओप्लास्टीचं ऐकलेलं असतं, त्यातून आपोआप शहाणपण मिळतं. इथे प्रत्येक गोष्ट या बाईने एकटीने शोधून काढली होती. कोणत्या कुशीवर झोपवलं की पाय कमी दुखतात, इथपर्यंत.

*

आईच्या रक्ताचा नमुना तपासणीला गेला. निकाल यायला वेळ लागला. जानेवारीत आला. तिच्यात तो दोष होता. पंचेचाळीस ते पन्नास.

म्हणजे माझं वाक्य शेवटी खरं निघालं. ते कळलं तेव्हा मला दिलासा वाटला नाही, उलट पोटात गोळा आला. आता ते पुन्हा सांगायचं होतं.

या वेळी ताईंच्या खोलीत. ताईंनी आईला आधी एकटीला विचारलं, सोबत कोण हवं? मला वाटलं, कुणीच नको म्हणेल. ती म्हणाली, "सासूबाईंनाच बसवा. माझ्या तोंडनं सांगितलं तर खरं धरायच्या न्हाईत."

सरांनी सांगितलं. मी कोपऱ्यात बसून ऐकलं. सर आजीशी शेतीवरून बोलायला लागले, बोलता बोलता सातबाऱ्यावर आले. पूर्वी तलाठी हाताने उतारा उतरवून द्यायचा तेव्हा एखादी ओळ गळायची, तसं हे. जुन्या कागदावरून नवा उतरवताना सहा ओळी गळाल्या. कुणी मुद्दाम गाळल्या नाहीत. ही तुमची सून जन्मली तेव्हाच तो कागद तिच्या हातात पडला. तो तिने लिहिला नाही, तिला वाचताही येत नव्हता. तिच्याकडे दुसरा चांगला कागद होता म्हणून तिचं निभावलं. मुलाकडे एकच.

आजी ऐकत होती. मग म्हणाली, "चूक तलाठ्याची, आन् जमीन आमची गेली."

"होय," सर म्हणाले. त्यावर त्यांनी आणखी काही जोडलं नाही.

"पर आमच्याच पोराला का?"

या प्रश्नाला सरांनी उत्तर दिलं नाही. खोलीत बराच वेळ कुणीच बोललं नाही, आणि ताईंनीही ती शांतता मोडली नाही. मला ती मोडावीशी फार वाटत होती. आजीने हात लांब करून सुनेच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली. एवढंच. त्याला क्षमा म्हणायचं की नाही, मला सांगता येणार नाही. गाडी पकडायची होती म्हणून ते उठले.

दोष वाहणाऱ्या बाईचंही हृदय कधी कधी अशक्त होतं, म्हणून तिचा इको करून घ्यायला सांगितला. तो नीट आला. चार वर्षांची धाकटी मुलगी आहे, तिची तपासणी इतक्यात करायची नाही, ती मोठी झाली की तिने ठरवायचं, हेही बोलणं झालं.

माझी इंटर्नशिप संपत आली होती. शेवटच्या आठवड्यात आई एकटीच आली, मुलाच्या गोळ्या न्यायला. ओपीडी संपायची वेळ होती. ती टेबलाजवळ उभी राहिली आणि मागे वळून दाराकडे बघितलं. मी उठून दार लोटलं.

तिला एक धाकटी बहीण आहे, बावीस वर्षांची. लग्न ठरलेलं, वैशाखात. तिच्यातही हा दोष असण्याची शक्यता निम्म्यापर्यंत.

"तिला सांगावं का न सांगावं? सांगितलं तर लगीन मोडंल. न्हाई सांगितलं आन् तिच्या पोटी असंच झालं, तर ती मला काय म्हनंल?"

मी काही वाक्यं मनात जुळवली. ती सगळी बरोबर होती. ती मी बोलले नाही. तुम्हाला काय वाटतं, असं विचारलं. ती खुर्चीवर बसली, बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तिला हिकडं घिऊन येते," ती म्हणाली. "आधी तिला एकटीला. आईला नगं, कुनालाच नगं."

"गुरुवारी या. ताई असतात."

मी केसपेपरच्या मागे खोलीचा नंबर लिहून दिला. ती निघाली, दाराशी पोचली आणि थांबली.

"म्यॅडम, त्या ताईंच्या खोलीचं दार आतनं लागतंय न्हवं?"

"लागतं," मी म्हणाले.